परत आलेलं स्टूल

कौशल्या कांबळे पुन्हा आमच्या सुतारशाळेत आल्या त्या काखोटीला स्टूल मारून. मागच्याच बॅचला त्यांनी ते केलं होतं, आणि इतकं देखणं झालं होतं की मी त्याचा फोटो जाहिरातीत टाकला होता. बाई सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक, बोलणंही टिपणी लिहिल्यासारखं. स्टूल माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "शर्मिलाताई, हे आपल्याकडे जमा करून घ्या. मी केलेलं नाही. घरी दुसरं करायला बसले, तर साधी करवत सरळ चालेना. हे नागोरावांनी केलंय."

मला राग आला, कारण त्या खरं बोलत होत्या.

सुतारशाळा म्हणजे मार्केट यार्डाच्या मागे भाड्याने घेतलेलं गोदाम. बावीस सभासद, सगळ्यांची मिळून यंत्रं आणि हत्यारं, कारभार माझ्याकडे. ज्याला हवं त्याने यावं, काम करावं. रविवारी सकाळी नवख्यांचा वर्ग असतो आणि तो नागोराव घेतात. मूळचे धायरीचे, चाळीस वर्षं सुतारकाम केलेले. हात असा की बघत राहावं. पण शिकवायला उभे राहिले की पाच मिनिटांत समोरच्याच्या हातातली करवत काढून घेणार. "आणा हिकडं, म्या दावतो." दाखवता दाखवता काम पुरं. लोक खूश, स्टुलं सुंदर, आणि शिकलं कोणीच नाही. मी हे सहा महिने बघत होते आणि फोटो काढत होते. धन्य माझी.

नागोरावांना मी तोंडावर सांगितलं, या रविवारी कुणाच्या कामाला हात लावलात, तर पुढची बॅच पृथ्वीराजची. पृथ्वीराज आमचाच सभासद, डिझाइन शिकलेला, स्लाइड्स तयार ठेवून टपलेला. कारखान्यातलं तयार फर्निचर आल्यापासून त्यांना बाहेर काम उरलं नव्हतं, आणि त्यांना 'सर' म्हणणारी माणसं आयुष्यात फक्त याच वर्गात भेटली होती. हे मला ठाऊक होतं. तरी बोलले. बोलून झाल्यावर वाईट वाटतं, हा माझा जुना आजार आहे.

रविवारी सात जण होते. कौशल्याबाई पहिल्या टेबलाशी, या खेपेला मी फी न घेता बसवलेल्या. काम एकच: एका लाकडाच्या टोकाला जीभ कापायची, दुसऱ्यात खाच पाडायची, आणि जीभ खाचेत घट्ट बसवायची. खिळा नाही, स्क्रू नाही.

नागोरावांनी दोन्ही हात खिशात घातले आणि त्यांचं तोंडच बंद झालं. "आसं नगं... तसं... म्हंजे, हे आसं." खांदे नुसते हलत होते. योगेश नावाचा आयटीतला मुलगा म्हणाला, "सर, नक्की कसं?" नागोरावांच्या कपाळाला घाम आला. मला वाटलं, आटोपलं.

मग ते एकदम थांबले आणि मान तिरकी करून ऐकायला लागले. "योगेश, तुमची करवत वरडतीय. वरडली म्हंजे वाकडी चाललीय. दाबू नगा, नुसती वढा." योगेशने ओढली. आवाज बदलला, आणि वर्गातल्या सातही जणांना तो बदललेला कळला. नागोरावांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यानंतर ते टेबलामागून टेबलं फिरत सुटले, डोळे मिटून. "पटाशीला धार न्हाई." "ह्यो रंधा उलटा चाललाय, लाकडाच्या रेषा बगा कुनीकडं जात्यात." एकाही हत्याराला हात न लावता माणूस सबंध गोदाम चालवत होता. मला शिट्टी मारावीशी वाटली.

आणि नेमकं तेव्हाच कौशल्याबाईंनी करवत पेन्सिलीने आखलेल्या रेघेच्या भलत्या बाजूला धरली. एवढं कापलं की जीभ बारीक होणार, लाकूड वाया. मला राहवलं नाही. मी धावले आणि त्यांच्या करवतीला हात घातला.

"ताई, हात मागं घ्या." नागोराव होते. आवाज चढवला नव्हता, पण मी हात मागे घेतला. माझे कान तापले. ज्याच्यासाठी त्यांना बोल लावला, तेच मी एका मिनिटात केलं होतं.

कौशल्याबाईंनी पुरतं कापलं. जीभ खाचेत घातली तर खुळखुळली. नागोराव खिशातल्या मुठी आवळून उभे, डोळे त्या जिभेवर.

बाईंनी जीभ उलटीपालटी करून पाहिली. मग खालून एक पातळ ढलपी उचलली, जिभेच्या अंगाला लावून बघितली. "सर, ही चिकटवली तर?"

"बगा की."

चिकटवली, आवळून ठेवली, अर्ध्या तासाने सोडली. आता जीभ जाड. त्यांनी रंधा घेतला, एक हात फिरवला, घालून पाहिली, पुन्हा फिरवला. सगळे आपापलं काम सोडून भोवती जमले. चौथ्या खेपेला लाकडी हातोडीचे तीन ठोके, आणि जीभ आत गेली. बाईंनी एक लाकूड धरून उचललं. दुसरं त्याच्यासोबत उचललं गेलं. त्यांनी ते गदागदा हलवलं. काही हललं नाही. योगेशने टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. मी सुद्धा, जोरात. सांधा दिसायला कुरूप होता आणि मला इतका आनंद झाला होता की डोळे भरून आले.

वर्ग सुटल्यावर मी म्हणाले, "नागोराव, माझं चुकलं. पुढची बॅच तुमचीच. पृथ्वीराजला मी कळवते."

त्यांनी मान हलवली. "एकटा न्हाई घ्यायचो. ह्या बाईस्नी माझ्या शेजारी हुबं करा."

"मला?" कौशल्याबाई म्हणाल्या. "एका सांध्याला मला तीन तास लागले."

"म्हनूनच," नागोराव म्हणाले. "माझं कापताना चुकून किती वर्सं झाली. चुकल्यावर मानूस काय करतं, ते म्या पार इसरलोय. ह्यास्नी ते आत्ताच कळलंय."