‘सुडाचा सातबारा’ला कलाबाईंनी दिलेली ग्रेड

कलाबाईंनी स्वतःच्या पोराच्या पहिल्यावहिल्या सिनेमाला बेदाणा दिला. चाळीस बायांसमोर, सोमवारी, चहाच्या सुट्टीत.

पण हे इतक्यातच सांगून टाकलं तर गोष्टीत राहिलं काय? तेव्हा कलाबाईंनी अजून कुणाला काहीही दिलेलं नाही. त्या टेबलाशी उभ्या आहेत, हातात कात्री आहे आणि चहा यायला अवकाश आहे, असं धरून चालू.

पिंपळगाव बसवंतच्या ज्या पॅकहाऊसमध्ये कलाबाई चौदा वर्षं द्राक्षं निवडतात, तिथं मालाच्या तीन प्रती. मणी टपोरा, एकसारखा, अंगावर डाग नाही, तो एक्स्पोर्ट. जरा उन्नीस-बीस असेल तो लोकल. आणि ज्याचं आता काहीच होण्यासारखं नाही तो बेदाण्याला. दिवसभर हेच तीन शब्द तोंडात असले की माणूस बाकीच्या जगालाही तेच लावायला लागतो. इथल्या बायांनी ते आधी सुनांना लावून पाहिले. त्यावरून भांडणं झाली. मग सिनेमाला लावले. सिनेमा उलटून बोलत नाही.

रविवारी कुणी नाशिकला जाऊन सिनेमा बघायचं, कुणी मोबाइलवर. सोमवारी चहाला त्याची तपासणी. “हिरो दिसायला बराय, पण साखर उतरली नाय.” “इंटरवलपर्यंत मणी अठरा एमएमचा व्हता, पुढं नुसता वाटाणा.” “गाणी मागच्या सालची स्टोअरला ठेवलेली हायेत बघ.” सगळ्यांचं बोलून झालं की कलाबाई कपातला शेवटचा घोट घ्यायच्या आणि ग्रेड सांगायच्या. वेदिका नावाची पोरगी ती लगेच ग्रुपवर टाकायची. एक्स्पोर्ट आली की पुढच्या रविवारी संतोषची जीप बाया घेऊन नाशिकला दोन फेऱ्या मारायची. बेदाणा आली की संतोष त्या दिवशी जीप धुवायचा. गेल्या दिवाळीपासून त्याची जीप फार स्वच्छ होती.

कलाबाईंच्या शब्दाला एवढं वजन आलं ते एका प्रसंगानं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मालकाच्या सासऱ्याच्या बागेतला माल सरळ बेदाण्याला काढला होता. मालक महिनाभर बोलला नाही. मग त्यानं कलाबाईंना पंख्याखालचं टेबल दिलं.

आता समर्थ. हा कलाबाईंचा धाकटा. वय सव्वीस, त्याच पॅकहाऊसच्या कोल्ड स्टोअरचा ऑपरेटर. मागच्या साली चांदवडच्या अंगाला ‘सुडाचा सातबारा’ नावाच्या सिनेमाचं शूटिंग आलं, तेव्हा याला भूमिका मिळाली. तलाठ्याची. तलाठी सिनेमा सुरू व्हायच्या आधीच मेलेला असतो.

समर्थनं तयारीत कसर ठेवली नाही. आठ दिवस तो संध्याकाळी ओट्यावर मरून पडला. दूधवाला दोनदा दूध न घालताच हळहळत परत गेला. तिसऱ्या दिवशी इगतपुरीहून आत्या रडतच उतरली. तिला जेवू घालून, समर्थच्या हातचं पाणी पाजून परत पाठवावी लागली. शूटिंगला समर्थ असा काही मेला की दिग्दर्शक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “सिनेमा आठवडाभर टिकला तर पुढच्यात तुला जिवंत घेतो.”

एवढं एकच वाक्य घेऊन समर्थ वर्षभर जगला. सिनेमा लागला शुक्रवारी. नाशिकमध्ये एकच पडदा, एकच खेळ, सकाळी साडेअकराचा.

रविवारी कलाबाई, समर्थ आणि कलाबाईंची धाकटी जाऊ मंगलाबाई असे तिघं गेले. मंगलाबाई त्याच पॅकहाऊसला शेजारच्या टेबलावर असते आणि पंख्याखाली का नाही, हा प्रश्न तिला रोज पडतो. हॉलमध्ये एकूण नऊ माणसं. त्यातले दोघं एसीसाठी आलेले, एक जोडपं एकमेकांसाठी आलेलं, आणि एक आजोबा दुसऱ्याच सिनेमाचं तिकीट घेऊन चुकून इकडं बसलेले. नववा तिकीट तपासायला आला होता, तो दमून बसला.

सिनेमा सुरू झाला. हिरो प्रत्येक अन्यायाला गॉगल काढायचा. अन्याय अकरा होते. गॉगलही अकराच होते, पण दरवेळी वेगळे. व्हिलन मध्यंतरापर्यंत हसला आणि मध्यंतरानंतर त्याला आठवलं की आपण कशाला हसत होतो. कलाबाईंनी इतका एकसारखा खराब माल चौदा वर्षांत पाहिला नव्हता.

मग फ्लॅशबॅकमध्ये तलाठी आला. चार सेकंद. समर्थ खळ्यात उताणा पडलेला, हिरो त्याच्या छातीवर डोकं आपटून रडतोय. तेवढ्यात एक माशी आली. ती समर्थच्या खालच्या ओठावर बसली, चालत वर गेली, नाकपुडीत वाकून बघितलं आणि निघून गेली. समर्थची पापणीसुद्धा हलली नाही. कलाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. क्षणभर त्यांना खरंच वाटलं, पोरगं गेलं.

परतीच्या जीपमध्ये समर्थ पुढच्या सीटवरून मागं वळूनच बसला होता.

“आई, कसा वाटला?”

“कांदा लय उतरलाय या साली,” कलाबाई बाहेर बघत म्हणाल्या.

“आई, ऐक ना. तू उद्या एक्स्पोर्ट म्हण. चाळीस जणी घरच्यांना घेऊन आल्या तर अजून हप्ताभर कुठं जात नाय सिनेमा. मग मला पुढच्यात जिवंत घेणार हायेत.”

“मला कधी खोटी पेटी भरताना बघितलंयस का रे?”

“पेटी नाय, पोरगा हाय मी तुझा.”

कलाबाई पुन्हा बाहेर बघायला लागल्या. मंगलाबाईकडे यावर उत्तर होतं, पण तिनं ते सोमवारसाठी राखून ठेवलं.

सोमवारी कलाबाई कामाला आल्या त्या ठरवून आल्या. वाटेत त्यांनी ‘लोकल’ म्हणून पाहिलं होतं. दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं, पण जिभेवर बसेना. उद्या खरोखरचा एक्स्पोर्ट सिनेमा आला तर त्याला काय तोंडानं एक्स्पोर्ट म्हणायचं? आणि बाया पैसे मोडून, पोरं घेऊन, ऊन झेलत जाणार, ते अकरा गॉगल बघायला? नाही. माल जसा आहे तसाच सांगायचा.

चहा आला. चाळीस बाया गोल करून बसल्या. समर्थ कोल्ड स्टोअरचं दार अर्धं उघडं टाकून उभा राहिला. आतली गार हवा वाया चालली होती, पण कुणी बोललं नाही.

“मी बघितला,” मंगलाबाईनं सुरुवात केली. “मी काय म्हणते, आमचा पोरगा हाय त्यात, म्हणजे चांगलाच असणार. आक्का सांगतीलच. आक्कांच्या तराजूला घरचा-दारचा कळत नाय ना, मालकाचा सासराबी सुटला नाय! आता बघू काय म्हणत्यात.”

“मंगल, तुझं झालं का?”

“माझं कुठं काय. तुम्ही बोला की.”

“गाणी कशी व्हती, मावशी?” वेदिकानं मोबाइल हातात घेत विचारलं.

“तीन. तिन्हींत ती हिरोईन एकाच तुळशीला पाणी घालती. सडली असंल ती.”

बाया हसल्या. समर्थ हसला नाही. कलाबाईंनी कपातला शेवटचा घोट घेतला. कप खाली ठेवला. उचलला. त्यात काहीच नव्हतं, तरी पुन्हा प्यायल्या.

“बेदाणा,” त्या म्हणाल्या.

वेदिकाचा अंगठा मोबाइलवर तसाच राहिला. “टाकू?”

“टाक.”

समर्थनं कोल्ड स्टोअरचं दार लावलं. आतून. दोन मिनिटांनी कुडकुडत बाहेर आला, कारण आत शून्यावर एक डिग्री होतं.

“झालं समाधान?” तो म्हणाला. “आता मला कधीच जिवंत घेणार नाय कुणी.”

“मेलेला एवढा चांगला करतोस, जिवंत व्हायची घाई काय तुला?” कलाबाई उठून त्याच्यासमोर गेल्या. “बेदाणा सिनेमाला दिलाय. तुला नाय. तुझं एक्स्पोर्ट हाय.”

“असं कुठं असतं का आक्का?” मंगलाबाई ताडकन उठली. “एका पेटीला दोन ग्रेड? मग उद्या मीबी देते!”

“दोन ग्रेड नाय. घडात चार मणी सडले तर आपण काय करतो? तेवढे कातरतो. इथं घड सडलाय आणि एकच मणी चांगला हाय. मग कातरायचं काय?”

बायांनी विचार केला. हिशेबात कुठंच चूक सापडेना. मंगलाबाईलाही सापडेना, म्हणून ती खाली बसली.

“पण हे कातरणार कोण?” समर्थनं विचारलं.

“ज्यांनी घड लावलाय ते. वेदिका, कागद घे. नीट सरकारी लिही, उगाच आमची विनंती आहे बिनंती आहे असं रडत नको लिहू. सिनेमा किती व्हता ग एकूण?”

“दोन तास एकोणीस मिनिटं, मावशी,” वेदिका मोबाइलवर बघून म्हणाली.

“आई, माझे पाच सेकंद हायेत,” समर्थ हळूच म्हणाला.

“चार. मी मोजलेत.”

 मग तो वेदिकाच्या खांद्यावरून वाकून कागदात बघायला लागला आणि थोड्या वेळानं बोटानं एक जागा दाखवून म्हणाला, “इथं ‘मध्यंतरासह’ टाक.” वेदिकानं टाकलं. चाळीस जणींनी खाली सह्या केल्या, मंगलाबाईनं सगळ्यात वर. अर्ज त्याच दुपारी पोस्टात पडला. तो असा:

प्रति,
मा. निर्माते व दिग्दर्शक, चित्रपट ‘सुडाचा सातबारा’ यांस,

विषय : सदर चित्रपटातील खराब भाग वेगळा करून चांगला भाग पुनश्च प्रदर्शित करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, आपल्या एकूण दोन तास एकोणीस मिनिटांच्या मालाची तपासणी आमच्या टेबलावर करण्यात आली असता, त्यापैकी चार सेकंद (तलाठ्याचे प्रेत, माशीसह) निर्यातक्षम आढळून आले आहेत. तरी उर्वरित दोन तास अठरा मिनिटे छप्पन्न सेकंद तात्काळ काढून टाकून, सदर चार सेकंद येत्या शुक्रवारपासून राज्यातील सर्व चित्रपटगृहांत दररोज चार खेळ, मध्यंतरासह, प्रदर्शित करण्यात यावेत व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल आठ दिवसांचे आत इकडे सादर करावा.