सुदासरीचा आवाज

"फाइल रिकामीच आहे," म्हणत हेमचंद्रने फोन ओट्यावर ठेवला. "निशिकांतने घाईत पाठवली असणार."

नात जाई शाळेतून थेट आजीआजोबांच्या सिंगापुरातल्या बेडोकच्या फ्लॅटवर आली होती. परातीतली काकडी उचलत ती म्हणाली, "गॉट साउंड लाह, आजोबा. कुणीतरी बाटलीत फुंकतंय."

"परत लाव बघू," संजीवनीने गॅस बंद केला.

जाईने लावली. हातात डाव तसाच धरून संजीवनी उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फाइल रिकामी नाही, हे हेमचंद्रला कळलं.

फाइल आली होती जैसलमेरजवळच्या वाळवंटी अभयारण्यातून. लग्नानंतर काही वर्षं दोघं तिथेच, सुदासरीजवळच्या दोन खोल्यांत राहिले होते. हेमचंद्र आणि निशिकांत माळढोकांवर संशोधन करायचे. सकाळी दार उघडलं, की उंबऱ्यापर्यंत वाळू आलेली असायची आणि तिच्यावर कोल्ह्याची ताजी पावलं. पाण्याच्या टाकीपाशी चिंकारा हरणं यायची. संजीवनी धुणं वाळत घालू लागली, तरी हलायची नाहीत. उन्हं वर आली, की बिळांच्या तोंडाशी काटेरी शेपटीचे सांडे सरडे शेकत बसायचे, आणि वरून गरुडाची सावली सरकली, की एका क्षणात गुडूप. डाळीत वाळू, गादीत वाळू. संजीवनी वैतागायची आणि संध्याकाळी स्वतःच म्हणायची, "चला, टेकडीवर बसू."

उजाडण्याआधी हेमचंद्र सेवण गवतात पालथा पडून राहायचा. दिसायच्या आधी माळढोकाचा नर ऐकू यायचा. हूंम. थोडी शांतता. पुन्हा हूंम. मग गवतापलीकडे गळ्याची पांढरी पिशवी जमिनीपर्यंत लोंबताना दिसायची.

पुढे मुलगी क्षिप्रा झाली, संशोधनाचा निधी थांबला. हेमचंद्रने सिंगापुरात हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत नोकरी धरली आणि आयुष्य तिथेच गेलं. या मार्चमध्ये तो निवृत्त झाला, तसा निशिकांतचा फोन आला होता. "मोसमापुरता ये. नर कुठे बोलतोय, ते नव्या पोरांना कानावरून नाही ओळखता येत. तुझा कान हवा." तिकीट काढून झालं होतं. बॅग अर्धी भरली होती.

गेल्या वर्षी त्याला चक्कर यायची, तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हळूहळू जाडे, खोल आवाज ऐकू येईनासे होतील. त्याने ते मनावर घेतलं नव्हतं. एमआरटी मेट्रोची घरघर कमी झाली, तेव्हा नव्या गाड्या आल्या असतील, असं त्याला वाटलं होतं.

"अजिबातच नाही आलं ऐकू?" संजीवनीने विचारलं.

"नाही."

"तरी जा तुम्ही. टेकड्या आहेत, चिंकारा आहेत…"

"मला बघायला नाही बोलावलेलं."

त्याने निशिकांतला फोन लावला. उगाच इकडचं तिकडचं बोलला नाही. "नीश्या, माझे कान गेले रे. तुझी फाइल लागली, घरात सगळ्यांना ऐकू आली, मला नाही."

मग निशिकांत म्हणाला, "मग नुसता ये. चहा पिऊ."

"येईन. पण या मोसमात तुला ऐकणारा माणूस लागेल. दुसरा बघ. माझ्यासाठी थांबू नकोस." एवढं बोलून त्याने फोन ठेवला आणि हॉलमध्ये जाऊन बसला.

जाई त्याच्या मागे गेली. टीव्हीच्या मोठ्या स्पीकरला तिने फोन जोडला आणि आवाज पुरा वाढवला.

"आता?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

जाईने त्याचा तळहात धरून स्पीकरच्या जाळीवर टेकवला. आधी काहीच नाही. मग हाताखाली एक हलकी थाप आली. मध्ये थोडं शांत. पुन्हा थाप.

संजीवनी ओले हात पुसत शेजारी येऊन बसली. "आत्ता," ती हळूच म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "आत्ता."

त्याने डोळे मिटून घेतले.

शेजारच्या फ्लॅटमधून कुणीतरी भिंत ठोठावली. जाईने आवाज कमी करायला हात पुढे केला.

"राहू दे गं," संजीवनी म्हणाली.