हमद टाउनची चूल

बहारीनमध्ये घर गरम करायचं काम माझ्याकडे येईल असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी एसीच्या डक्टिंगचा माणूस. अकोल्याच्या आयटीआयतून शीट मेटलचं सर्टिफिकेट घेतलं आणि चार वर्षं मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रे कापले. लोकांच्या घरात थंड हवा नेऊन सोडणं हा माझा धंदा. पण हिवाळ्यात एसीवाल्याला कुत्रं विचारत नाही. १९९४चा जानेवारी तर इतका कोरडा गेला की आमचा मालक महमूद याने तीन डक्टवाल्यांपैकी दोघांना घरी पाठवायचं ठरवलं. माझा व्हिसा फेब्रुवारीत संपत होता. व्हिसा गेला की माझ्या बायकोची, सीमाची, सनाबिसमधली टायपिस्टची नोकरी गेली, पोरीचं केजी गेलं, सगळंच खलास.

अशात नसीबाबाईंचं काम आलं. बाई बहारीनच्याच, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, हमद टाउनला एकट्या राहायच्या. तरुणपणी त्या कॅनडातल्या एका लहानशा बर्फाळ गावात शिकायला होत्या. तिथल्या घरात भिंतीत बसवलेली गॅसची शेकोटी होती आणि संध्याकाळी सगळं घर तिच्यापुढे येऊन बसायचं. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. आता गुडघे धरायला लागले, तेव्हा त्यांनी तसलीच शेकोटी लाकडी खोक्यातून मागवली. तुम्ही हसाल, पण जानेवारीत उत्तरेकडचा शमाल वारा सुटला की इथली फरशीची घरं अशी गारठतात की बिछान्यातून पाय बाहेर काढवत नाही.

शेकोटी म्हणजे एक लोखंडी पेटी. पुढे काच, आत खोटे ओंडके, त्यांच्याखाली गॅसचा बर्नर आणि धूर बाहेर न्यायला छपरातून वर जाणारा पाइप. आमचे इंजिनिअर गुरुप्रसाद सर पुण्याचे, हुशार माणूस. शेकोटी इथल्या सिलिंडरच्या गॅसवर चालावी म्हणून त्यांनी बर्नरचा जेट बदलला. मी पाइप चढवला. पेटवली, तर काय सुंदर पेटली! नसीबाबाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांनी आतून टक् असा आवाज झाला आणि शेकोटी विझली.

पुन्हा पेटवली, पुन्हा टक्. आत एक सेफ्टी स्विच असतो. धूर वर न जाता खोलीत परत येऊ लागला की तो गॅस बंद करतो. वारा पडला की आमची शेकोटी जळायची, वारा सुटला की मरायची, आणि शमाल तर रोजचाच. चार दिवस मी पाइप काढला आणि घातला. गुरुप्रसाद सर पुस्तक उघडून म्हणायचे, "रुपेश, मॅन्युअलप्रमाणे सगळं बरोबर आहे." पुस्तकात उतरत्या छपराच्या घराचं चित्र होतं. छपरावर बर्फ आणि शेजारी सूचीचं झाड. आमचा पाइप त्या चित्रातल्याइतकाच वर काढलेला होता, एक इंच कमी नाही की जास्त नाही.

बुधवारी महमूदने मला बोलावलं. "जुम्मा को नसीबा के घर मेहमान," तो म्हणाला. "आग जलेगा, तुम्हारा व्हिसा रिन्यू. आग मफी, तुम भी मफी." मफी म्हणजे अरबीत ‘नाही’.

गुरुवारी सकाळी मी निघालो, तर आई चपला घालून दारात. आई, म्हणजे चंपाबाई, तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आली होती आणि दिवसभर फ्लॅटमध्ये बसून कंटाळली होती. "मले घे ना संगं," ती म्हणाली. "अरबाची चूल पाहीन म्हनतो."

"आई, ती चूल नाही."

"खाली इस्तो अन् वर धूर. मंग चूल नाही तं काय हाय?"

माझं डोकं आधीच तापलेलं. पण सीमा कामावर जाणार होती आणि आई एकटी राहिली असती, म्हणून मी मुकाट्याने तिला व्हॅनमध्ये बसवलं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी बहारीनमध्ये कोणाला सांगितली नव्हती. माझी आई चुली बांधायची. बाप गेला त्याच सुमारास आमच्याकडे पंचायत समितीने निर्धूर चुलींची योजना आणली, आणि आई शिक्षण घेऊन चूल बांधणारी झाली. माती आणि भुसा मळायचा, चूल रचायची, पाइप छपरातून बाहेर काढायचा आणि शेवटी ओल्या मातीत बोटाने नंबर टाकायचा. तोच नंबर वहीत, पुढे घराचं नाव. दोनशे तेरा नंबरांपर्यंत गेलेली ती वही आईने इथेही पिशवीतून आणली होती.

त्या वहीत एकशे सत्तावीस नंबरची ओळ कोरी आहे. ती चूल गावातल्या एका मोठ्या घरची. सरकारी माणूस उभा होता म्हणून त्या लोकांनी आईला मागच्या दाराने घेतलं आणि तिच्याकडून चूल बांधून घेतली. तो माणूस गेला आणि आम्ही बौद्धवाड्यात परत पोचायच्या आत त्यांनी चूल कुदळीने फोडली. आमचा हात लागला होता ना तिला. मी त्या दिवशी आईबरोबर माती वाहत होतो. वहीत एकशे सत्तावीस लिहून पुढची जागा तिने कोरी सोडली आणि पुढल्या चुलीला एकशे अठ्ठावीस नंबर दिला.

मला त्या घराचा संताप यायला हवा होता, आणि तो येतोही. पण तेव्हा मला लाज वाटली, आणि तीही आईच्या मातीच्या हातांची. ती लाज मी विमानात बसवून बहारीनला घेऊन आलो. गुरुप्रसाद सरांना मी सांगून ठेवलं होतं की आई सरकारी नोकरीत होती.

हमद टाउनला पोचलो तेव्हा वारा मस्तवाल झाला होता. शेकोटी तीन वेळा पेटवली, तीन वेळा विझली. नसीबाबाई स्वयंपाकघरात आणि गुरुप्रसाद सर यायचे होते. मी पेटीखालचं झाकण उघडलं, खिशातून वायरचा तुकडा काढला. सेफ्टी स्विचच्या दोन टोकांना ती वायर जोडली की स्विच आंधळा. धूर परत येवो की न येवो, गॅस चालूच राहणार. शुक्रवार निघाला असता, व्हिसा मिळाला असता. असला विचार मी केला, हे मी लपवत नाही.

"काय करून राह्यला?" आईने मागून विचारलं.

मी सांगितलं. तिने माझ्या हातातली वायर काढून घेतली.

"लेका, ते बोंबलून सांगून राह्यली का धूर मांगं येते. अन् तू तिचं तोंड बांधतं? घरात मानसं झोपतीन, अन् सकायी उठतीन का?"

मी भडकलो. "तुला काय कळतं यातलं? पुण्याच्या इंजिनिअरला सापडलं नाही!"

"मले चूल समजते," आई म्हणाली. "उदबत्ती हाय का बाईपाशी?"

नसीबाबाई दारात येऊन कधीच्या ऐकत होत्या. त्यांच्या लहानपणी मुंबईचे व्यापारी घरी यायचे, त्यामुळे त्यांना हिंदी छान यायची. "ये क्या कह रही हैं?" त्यांनी विचारलं.

"कुछ नहीं मॅडम, धूप माँग रही हैं."

"झूठ मत बोलो. तुम्हें डाँट रही हैं. मैं चालीस साल टीचर थी, डाँट किसी भी ज़बान में समझती हूँ."

त्यांनी धुपाटण्यात बखूर पेटवून आणला. इथल्या घराघरात जाळतात ती सुगंधी लाकडं. आईने शेकोटीची काच काढायला लावली आणि धुपाटणं बर्नरवर धरलं. धूर वर चढला, घुटमळला आणि सरळ आमच्या तोंडावर आला. आई खोकली, हसली आणि म्हणाली, "चाल, वर चाल."

गच्चीवर तिने फक्त एकदा मान फिरवली. आमचा पाइप जिन्याच्या खोलीला खेटून निघाला होता. खोलीची भिंत त्याच्याहून चांगली पाच फूट उंच. आईने पदर मोकळा सोडला. शमाल येऊन भिंतीवर आपटत होता आणि खाली वळत होता, आणि पदरही तसाच खाली, पाइपाच्या तोंडाकडे लोटला जात होता.

"पाह्य. वारा भितीवर आदयते अन् पाइपात घुसते. पाइप भितीच्या वर दोन हात न्या लागते. आमच्या गावात पोराले बी मालूम हाय."

मी चार दिवस त्या भिंतीला टेकून बसून चहा प्यायलो होतो. पुस्तकातल्या घराला जिन्याची खोली नव्हती, म्हणून मला ती दिसलीच नाही. मला इतकी शरम वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी आईला उचललंच. ती ओरडली, "खाली ठेव, मुर्दाडा!"

मग मी कामाला लागलो. वर्कशॉपला व्हॅन पळवली, पाइपाचे तुकडे आणि पकडी आणल्या. आठ फूट पाइप भिंतीच्या कडेने वर चढवून पक्का आवळला, वर टोपी बसवली. आई खालून सांगत होती, "अजून येक वीत," आणि मी अजून एक वीत चढवत होतो. खाली शेकोटीपुढची संगमरवरी पट्टी बसवायची राहिली होती, तीही सिमेंट कालवून बसवून टाकली. दुपारी गुरुप्रसाद सर आले. त्यांनी गच्चीवर जाऊन पाइप पाहिला, भिंत पाहिली आणि कपाळावर हात मारला.

चार वाजता महमूद आला. वारा आता असा होता की राउंडअबाउटवरच्या खजुरी वाकत होत्या. आईने पुन्हा बखूर धरला. धूर सळसळत वर गेला, एक रेघ मागे आली नाही. मी काच बसवली आणि बटण फिरवलं.

ज्योत धरली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. खिडक्या खडखडत होत्या आणि आम्ही सगळे त्या टक्ची वाट पाहत होतो. तो आला नाही. अर्ध्या तासाने नसीबाबाईंनी खुर्ची ओढली, गुडघे शेकोटीपुढे केले आणि डोळे मिटून त्या म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्ला."

महमूद माझ्याकडे वळला. "शाबाश! क्या किया तुमने?"

सर माझ्याकडे पाहत होते, मालक माझ्याकडे पाहत होता. ‘पाइप वाढवला’ एवढं म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. व्हिसा हाताच्या अंतरावर होता. पण आई कोपऱ्यात, चपला हातात घेऊन उभी होती, कोणाच्या वाटेत येऊ नये म्हणून. तसंच ती त्या मागच्या दारातही उभी होती.

"मैंने सिर्फ पाइप लगाया," मी म्हणालो. "गलती मेरी माँ ने पकड़ी. वो चूल्हे बनाती थी. गाँव-गाँव जाके, मिट्टी के. दो सौ तेरह चूल्हे बनाए हैं." मग सरांकडे वळून मराठीत सांगितलं, "सर, सरकारी नोकरी वगैरे काही नव्हती. मी खोटं बोललो होतो."

महमूदने आईला नखशिखांत पाहिलं आणि तो मोठ्याने हसला. "तो व्हिसा किसका रिन्यू करूँ?"

"दोनों का," नसीबाबाई डोळे न उघडताच म्हणाल्या.

"तुम्हारा तो पक्का," महमूद मला म्हणाला. "शनिवार को पासपोर्ट लाओ. यल्ला, चलो."

गुरुप्रसाद सरांनी खिशातून पेन्सिल काढली, मॅन्युअलमधल्या चित्रात घराशेजारी जिन्याची खोली काढली आणि पुस्तक आईपुढे धरलं. "काकू, पाइप कुठपर्यंत? तुम्हीच दाखवा." आईने बोट ठेवलं, तिथे त्यांनी रेघ मारली.

नसीबाबाईंनी स्वतः उठून आईला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, हातात केशराचा चहा दिला आणि एकेका चुलीची चौकशी सुरू केली. आईची हिंदी तोडकीमोडकी, पण दोघींचं कुठेही अडलं नाही. मधेच नसीबाबाईंनी मला विचारलं, "नंबर लिखती थीं? तो इसका नंबर?"

"ऊपर पाइप के पास लिख देंगे, मॅडम. सिमेंट में."

"छत पर? वहाँ कौन पढ़ेगा, कबूतर? यहाँ लिखो. कल मेरे सब मेहमान देखेंगे." आणि त्यांनी शेकोटीपुढच्या पट्टीकडे बोट दाखवलं. कडेचं सिमेंट अजून ओलं होतं.

आई खुर्चीतून उतरली आणि शेकोटीपुढे मांडी घालून बसली. तिच्या चेहऱ्यावर ज्योतीचा उजेड पडला होता. तिने तर्जनी पदराला पुसली आणि सावकाश, दाबून आकडे काढले. एक. दोन. सात.

"आई, चुकलीस," मी म्हणालो. "दोनशे चौदा."

"नाही चुकली," आई म्हणाली. "दोनशे चौदा पुढच्या चुलीले देईन. हा नंबर रिकामा होता."

तिने पिशवीतून वही काढली आणि ती कोरी ओळ उघडून माझ्यापुढे धरली. मी पेन घेतलं. अक्षर मी शाळेत काढायचो तसं वळणदार काढलं: नसीबाबाई, हमद टाउन, बहारीन. चालू आहे.