इंदूबाईंचा कठडा

"धर्मपाल, सोमवारी व्हरांडा पाडून राह्यलो," सदाशिवराव खाली बघत म्हणाले. "कापसानं यंदाबी हात दाखवला. दुकानाचे गाळे काढतो म्हणतो. तू मशीन कुठं नेशीन?"

"पाहू, मालक," म्हणत धर्मपालनं शिवण पुरी केली. घाटंजीत त्याची सारी हयात याच व्हरांड्यात गेली होती. बाजाराला आलेल्या बाया जाता जाता माप देत. त्यासाठी त्याच्या बुद्धपुऱ्यातल्या घरी वाट वाकडी करून कोण येणार?

नागपुरात आर्किटेक्टचं शिकणारी नात मैत्रेयी सुट्टीत घरी आली होती. आबाचं उतरलेलं तोंड तिला बघवेना.

"आबा, व्हरांडा शब्द कुठचा, माहीत हाय का? स्पेनमध्ये 'बरांदा' म्हणजे कठडा. पोर्तुगिजांनी त्याचं भावंड इकडं आणलं अन् इंग्रजांनी आपल्याकडून उचललं, असं म्हणतात. मुळात तो आडवा दांडा असावा, अडवाले लावलेला. इंग्रजीतला 'बार' बहुतेक त्याच्याच गोताचा, 'बॅरियर'बी. अन् बॅरिस्टरबी! कोर्टातल्या कठड्यापाशी बोलावणं आलं का माणूस बॅरिस्टर होये."

धर्मपालनं घरच्या भिंतीवरच्या, निळ्या कोटातल्या बॅरिस्टरांच्या तसबिरीकडं पाहिलं. 

"अडवाले लावलेला, हे खरं हाय, पोरी. माह्या बापाले, तोबी शिंपीच, मालकाच्या व्हरांड्याच्या कठड्यावरून जुना सदरा फेकत. अंगाले हात नको लागाले, त्याच्यावरूनच माप काढ म्हणत. मीबी पयल्या दिवशी बाहेरच उभा राह्यलो. मालकाची माय, इंदूबाई, भर बाजारात सारे पाहून राह्यले असताना म्हणाली, 'बाहेर कायले उभा, बाबा? अंदर ये.' गावानं तिले लय नावं ठेवली. तिनं मशीनले जागा देल्ली. तू शिकून राह्यली, ते त्या जागेच्या जिवावर."

सोमवारी पाडकाम सुरू झालं, तेव्हा त्यानं सदाशिवरावांकडे एकच मागणं केलं.

"कठडा मले द्या, मालक."

"किडका हाय तो."

"राहू द्या."

कठडा बुद्धपुऱ्यात त्याच्या ओसरीला लागला. मशीन मात्र मुकंच होतं. गिऱ्हाईक फिरकेना. धर्मपाल रोज तेलपाणी करायचा, धूळ पुसायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचा.

बाजाराच्या दिवशी सदाशिवराव आले. काखेत सदऱ्याचं कापड. या वस्तीत ते कधी आले नव्हते. कठड्याशी येऊन अवघडून थांबले. आईच्या हातानं गुळगुळीत झालेल्या लाकडावरून त्यांचा हात फिरत राहिला.

धर्मपाल मशीनवरून उठला.

"बाहेर कायले उभे, मालक? अंदर या."

सदाशिवरावांनी चपला काढल्या. आत येऊन मापासाठी दोन्ही हात वर केले. त्यांच्यामागून बाजाराला आलेल्या दोन बाया कठड्याला टेकून आपली पाळी यायची वाट बघू लागल्या.