कोट घालून सुती कपड्यांविषयी

स्टुडिओतला एसी बंद पडून आठ दिवस झाले होते. दुरुस्तीवाला दोनदा येऊन, वर बघून, मान हलवून निघून गेला होता. वृत्तवाहिनीत मेकअप करणारी बाई, जिला लहानथोर सगळेच पफताई म्हणत, ती टिशूंचा गठ्ठा घेऊन कॅमेऱ्याशेजारी दबा धरून बसली होती. पडद्यावर बातमीची दृश्यं सुरू झाली की वाकून धावायचं, निवेदिकेचा घाम टिपायचा, पावडर थापायची आणि वीस सेकंदांत पुन्हा जागेवर. अकराच्या बातम्यांत अशा सात फेऱ्या झाल्या.

"उष्णतेची लाट आणखी चार दिवस राहील," निवेदिका वाचत होती. "नागरिकांनी सैल, फिकट, सुती कपडे वापरावेत." तिच्या स्वतःच्या अंगात जाड अस्तराचा काळा कोट होता, पाठीमागून कपड्यांचे चार चिमटे लावून आवळलेला. हनुवटीवरून ओघळलेला थेंब टपकन कागदावर पडला.

बातम्या संपताच तिने कोट काढून फेकला. "ताई, मान बघ गं. नुसती आग आग होतेय."

मानेवर घामोळं तरारून उठलं होतं. पफताईने ओला रुमाल ठेवला. "कोटाशिवाय बस ना सरळ."

"तूच सांग साहेबांना. मी सांगून सांगून थकले."

साहेब म्हणजे निर्माते. ते अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून काचेपलीकडच्या खोलीत बसत, आणि तिथला एसी ठणठणीत होता. 'कोट दिसला की लोकांना विश्वास वाटतो,' हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यापुढे बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

आज मात्र साहेब स्वतःच आले. "ताई, बाराला 'उन्हाळ्यातला साधा पेहराव, साधा मेकअप' आहे. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी आयत्या वेळी टांग दिली. तुम्हीच बसा."

चौदा वर्षं चेहरे रंगवले, पण कॅमेऱ्यासमोर बसायला कोणी कधी म्हटलं नव्हतं. "बघते," असं ती वरकरणी म्हणाली, पण लगेच कोपऱ्यात जाऊन आईला फोन केला, "बाराला टीव्ही लाव." मग बातम्यांच्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला मुद्दे लिहिले. गार पाण्याने तोंड धुतलं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं सनस्क्रीन लावलं, ओठांना जरासं मलम, केस वर बांधले. अंगात तिचा रोजचा कुर्ता, धुऊन धुऊन मऊसूत झालेला. झालं, पाच मिनिटांत तयार. सांगायचं होतं ते एवढंच.

ती खुर्चीत बसली तोच माईकवरून आवाज आला, "ताई, मेकअप करून या की."

"हाच मेकअप आहे, साहेब. विषयच तो आहे ना?"

"चेहरा फार कोरा वाटतोय. आजारी दिसताय. आणि तो पांढरा कुर्ता कॅमेऱ्यात नुसता चमकतोय. वर कपाटातला दुसरा, मरून कोट चढवा."

"अहो, पण मी सांगणार काय आणि दिसणार काय?"

"सहा मिनिटं आहेत, ताई."

रंगवणारीला रंगवायला दुसरं कोण असणार? दातओठ खात तिनेच स्वतःच्या चेहऱ्यावर फाउंडेशनचा थर चढवला, डोळे रेखले, लालभडक लिपस्टिक लावली. मरून कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. निवेदिकेने त्या आत दुमडल्या आणि हळूच म्हणाली, "आता कळलं ना?"

दिवे लागले. "तर ताई, उन्हाळ्यात मेकअप कसा असावा?"

"अगदी कमी," पफताई म्हणाली. "त्वचेला मोकळं राहू द्यावं. कपडे सैल, सुती." पाठीवरून घामाचे ओहोळ निघाले होते. कपाळावरचा घाम काजळ घेऊन डाव्या डोळ्यात उतरला आणि डोळा चरचरला. टिपायला धावणारं कोणी नव्हतं. तिने आणखी दोन वाक्यं कशीबशी रेटली. मग तिचा पारा चढला. कोटाच्या खिशातून टिशू काढून तिने सगळा गाल खसाखसा पुसला आणि तपकिरी झालेला टिशू कॅमेऱ्यासमोर धरला.

"हे बघा. हे एवढं सगळं आत्ता माझ्या तोंडावर होतं. हे लावू नका. मलाही नकोच होतं."

तेवढ्यात जाहिरात लागली.

साहेब तणतणत आले. "वाहिनीची अब्रू घालवलीत!" पफताईने दुसराही गाल पुसून काढला.

तासाभराने पुन्हा तोच भाग दाखवला. पुसण्याच्या आधीच तो कापलेला होता. कोट, काजळ आणि लिपस्टिक तेवढी शाबूत. प्रेक्षकांचे अकरा फोन आले, त्यांतले नऊ लिपस्टिकची छटा विचारणारे. आईचाही आला. "काय गोड दिसलीस गं! पंख्याच्या आवाजात बोलणं काही ऐकू आलं नाही. पण तो कोट छान आहे, असाच एक शिवून घे."

फोन ठेवून पफताई उठली. काळा आणि मरून असे दोन्ही कोट उचलले, न्हाणीघरात नेले आणि साबणाच्या बादलीत बुडवले. कपडेपटही तिच्याकडेच होता.

चारच्या बातम्यांना दहा मिनिटं उरली तेव्हा साहेब ओरडले, "कोट कुठे आहेत?"

"धुवायला टाकलेत. घामाचे डाग पडले होते."

"या उन्हात एव्हाना वाळले असतील!"

"उन्हात रंग उडतो, साहेब. सावलीत वाळवायला हवेत. दोन दिवस तरी लागतील."

साहेबांनी कपाट उघडून पाहिलं, दोन फोन केले, घड्याळाकडे बघितलं आणि हात झटकत काचेपलीकडे गेले. निवेदिका फिकट निळ्या सुती ब्लाउजमध्येच बसली, एकही चिमटा न लावता. दोघींची नजरानजर झाली, पण हसायचं त्राण कुणालाच नव्हतं. फाउंडेशनबद्दल साहेब अजून अडून होतेच, त्यामुळे निवेदिकेच्या चेहऱ्यावर थर होताच आणि दुसऱ्याच मिनिटाला तो भिजायला लागला.

दुरुस्तीवाल्याचा फोन बंद लागत होता. पफताई टिशूंचा नवा गठ्ठा घेऊन कॅमेऱ्याशेजारी बसली.