धाकटीचा तिसरा मॉनिटर

माझ्या धाकट्या जावेकडे तीन मॉनिटर आहेत आणि माझ्याकडे एक. तिच्या तीनपैकी उजवीकडचा कायम बंद असतो. माझं दुखणं नेमकं तिथे होतं. दोनच असते तर मी म्हटलं असतं, लागतात बाई कामाला. तिन्ही चालू असते तरी दात आवळून गप्प बसले असते. पण एक नुसता काळा, शोभेला? याला आमच्याकडे माज म्हणतात.

आम्ही दोघी एकाच खोलीत काम करतो. तिचं टेबल समोरच्या भिंतीला लावलेलं, माझं तिच्या मागे. म्हणजे दिवसभर माझ्यासमोर तिची पाठ आणि त्या पाठीच्या दोन्ही बाजूंनी डोकावणारे मॉनिटर. मी पुस्तकांची पानं लावते. ओळ केसभर सरकली तरी मला लांबून कळतं, पण एकाच मॉनिटरवर लेखकाची प्रत आणि माझं पान अशी उघडझाप करून माझे डोळे पार शिणतात. ती विमा कंपनीसाठी गाड्यांचे दावे तपासते. एका मॉनिटरवर अर्ज, दुसऱ्यावर चेपलेल्या गाडीचे फोटो. संध्याकाळी काम आवरलं की मी तासभर शर्यतीचा गेम खेळते. थोडक्यात, दिवसभर ती ठोकलेल्या गाड्या बघते आणि संध्याकाळी मी गाड्या ठोकते. ठोकणार नाही तर काय? एका मॉनिटरवर बाजूने येणारा दिसतो कुठे?

पण खरी आग मॉनिटरची नव्हती, एका शब्दाची होती. आमच्या घरात ती ‘कामात असते’ आणि मी ‘बसलेली असते’.

“अगं, तू बसलीच आहेस ना, जरा दार उघड,” सासूबाई म्हणणार. “बसलीच आहेस तर माझा चष्मा शोध,” आमचे हे म्हणणार. भाऊजीसुद्धा, म्हणजे धाकटीचे सख्खे नवरोजी, तिचा चार्जर कुठे आहे हे मला येऊन विचारणार. का? तर ती कामात आहे! तिच्या खुर्चीमागून जाताना सगळे चवड्यांवर चालतात. माझ्या टेबलावर मात्र कोणीही येऊन कोपर टेकतं, सुपारीएवढी गोष्ट भोपळ्याएवढी करून सांगतं आणि वर विचारतं, “तुझं काय चाललंय?”

मी ठरवलं, आपणही तीन घ्यायचे. तीन मॉनिटर मांडले की बघू कोण म्हणतं बसलीये.

अडचण एकच होती. तीन मॉनिटरचं टेबल खोलीत मावायचं तर तिचं टेबल बाहेर जायला हवं होतं. मी जेवताना सहज बोलल्यासारखं केलं, “गच्चीवरची खोली रिकामीच आहे. धाकटीला तिथे शांतता मिळेल. तिचं काम किती जबाबदारीचं!”

सगळ्यांना पटलं. सासूबाई तर म्हणाल्या, “मोठीला कसं सुचतं बघा.” धाकटी ताटाकडे बघत म्हणाली, “चालेल.” भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. रविवारी टेबल हलवायचं ठरलं.

शनिवारी ती कंपनीत मीटिंगला गेली. मी दुकानदाराला फोन लावला. गेमसाठी कोणता, पानांसाठी कोणता, आडवा की उभा, त्याने माझं डोकं पिकवलं. शेवटी मी म्हटलं, “ते राहू द्या. माझ्या जावेकडे आहेत तसेच्या तसे द्या.” तो म्हणाला, “मग मागे मॉडेल नंबर असेल तो वाचून सांगा, आणि वायर कोणती आहे तेही बघा.”

मी पट्टी घेऊन तिच्या टेबलाशी गेले. डावा बघितला, मधला बघितला. दोन्हीला दोन-दोन वायरी. उजव्याच्या मागे हात घातला तर एकही वायर नाही. विजेचीसुद्धा नाही. पुन्हा चाचपलं. नाहीच.

मग मी तिच्या खुर्चीत बसले, रुंदी मोजायला. आणि पट्टी हातातच राहिली. तो मॉनिटर जरा आत वळवलेला होता, आणि त्याच्या काळ्या चकचकीत काचेत माझं टेबल दिसत होतं. माझी खुर्ची, माझा दिवा, भाऊजींचा सकाळी राहून गेलेला कप. सगळं जागच्या जागी, एखाद्या नीट लावलेल्या पानासारखं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर्षभर ही बया माझ्यावर पाळत ठेवून होती!

ती परत आली तेव्हा मी तिच्याच खुर्चीत बसले होते.

“हा मॉनिटर कशासाठी ठेवलायस?” मी विचारलं.

ती दारातच थांबली. “तो बिघडलेलाच आला, ताई. कंपनीने परत मागितला होता. मी पाठवला नाही.”

“का नाही पाठवला? माझ्या चुका मोजायला?”

“नाही हो.” तिने खांद्यावरची पिशवी काढलीच नाही. “तुमच्याकडे सगळे येतात ना, ते दिसतं त्यात.”

“म्हणजे?”

“आई येतात, तुमचे हे येतात, आमचेही तुमच्याशीच गप्पा मारतात. माझा चहा ओट्यावर झाकून ठेवतात. मला हाकही मारत नाहीत, काम आहे म्हणून. मग मी हेडफोन घालून तुम्हा सगळ्यांना बघते. आवाज नसतो, पण हसलात की कळतं.” मग ती माझ्या हातातल्या पट्टीकडे बघून म्हणाली, “मला तुमचा फार हेवा वाटतो, ताई. आता वर गेल्यावर तेवढंही राहणार नाही. पण तुम्हाला जागा हवी, ते खरंय.”

ज्याच्यासाठी मी वर्षभर जळत होते, ते हिला नको होतं. आणि जे मला डोक्याला ताप वाटत होतं, ते ही बंद काचेत बघून दिवस काढत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी उठले, खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि दुकानदाराला फोन लावला.

“दोनच द्या. एक आडवा, एक उभा. माझ्या टेबलावर मावतील असे.”

“पण गेमला तीन बरे पडतात, मॅडम. बाजूच्या गाड्या दिसतात.”

“ठोकेन मी,” मी म्हटलं.

रविवारी टेबल हललं नाही. सासूबाईंनी कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, माप चुकलं. खोटं नव्हतं ते.

सोमवारी सकाळी धाकटी हेडफोन घालून कामाला लागली. मी माझं पान उघडलं आणि मध्येच मान वर करून तिचा तिसरा मॉनिटर पहिल्यांदा नीट बघितला. त्याच्या काळ्या काचेत दोन डोळे होते, थेट माझ्याकडे बघणारे. वर्षभर तिथेच असणार. केसभर सरकलेली ओळ ओळखणारी मी, मला ते कधी दिसले नव्हते.

मी उठले, तिच्या टेबलाशी गेले, तिच्या कागदांवर माझं कोपर टेकलं आणि तिच्या एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

“काय गं, बसलीच आहेस ना? जरा चहा टाक.”

ती इतक्या पटकन उठली की खुर्ची मागे जाऊन माझ्या टेबलावर आदळली.