मौनाचा आठवडा

या, पुढे सरका, दाराशी कशाला बसता? एका ताईची गोष्ट सांगतो. हसू फार नाही तिच्यात, आधीच सांगून ठेवतो. पण देवाने कान दिलेत ते काही फक्त गोड ऐकायला नव्हेत.

ही ताई देशाच्या मध्यवर्ती बँकेत अर्थतज्ज्ञ. महागाई कुठवर चढेल याचा अंदाज बांधायचा आणि व्याजदर वाढवावा की घटवावा याची टिपणी समितीपुढे ठेवायची, हे तिचं काम. तिथला एक नेम होता: बैठकीआधीचे सात दिवस व्याजाविषयी चकार शब्द काढायचा नाही. बाहेर नाही, घरात नाही, नवऱ्यापाशीही नाही. एकवीस वर्षं ताईने तो व्रतासारखा पाळला.

अशाच एका आठवड्यात धाकटा भाऊ आला. सुतार माणूस, बाहीवर भुसा, ओठावर थट्टा. मोठं करवतयंत्र घेण्यासाठी तो वर्कशॉप तारण ठेवून कर्ज काढत होता. कर्जावर सही उद्या करायची होती.

"ताई, दोन कागद आहेत. एकात व्याज कायमचं ठरलेलं, पण जरा जास्त. दुसऱ्यात आज कमी, पुढे तुम्ही लोक नाचवाल तसं. कुठल्यावर करू?"

ताईच्या पिशवीत तिचीच टिपणी होती: दर वाढवावा, आणि पुढेही वाढवत राहावं लागेल.

"चहा घेतोस?" ती म्हणाली.

"घेतो. त्यावर व्याज नाही ना लावणार?" तो हसला. "बरं, नको सांगूस. तुझं मौन चालू असेल. पण मी खड्ड्यात पडत असतो तर नेम मोडून हात धरला असतास. एवढं ओळखतो मी तुला."

'घाई करू नकोस' एवढंच तिच्या जिभेवर आलं. पण तेही सांगणंच झालं असतं. ती साखर ढवळत राहिली. मौन म्हणजे पुढे खड्डा नाही, असं धरून त्याने दुसऱ्या दिवशी बदलत्या व्याजाच्या कागदावर सही केली.

शुक्रवारी बैठक झाली, दर वाढला. मग दोन वर्षांत आणखी सात वेळा. दर वेळी टिपणी ताईची, दर वेळी बिनचूक. महागाई मात्र हटेना. इकडे हप्ता फुगत गेला, लाकूड महागलं, नवी कपाटं कोणी करून घेईना. आधी यंत्र गेलं, मग वर्कशॉप.

ताई त्याच्याकडे गेली. "मला ठाऊक होतं रे."

"ते त्या शुक्रवारीच कळलं मला," तो म्हणाला. "मी बहिणीला विचारायला आलो होतो, बँकेला नव्हे."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आता तो दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर दारं घासतो. फोन केला तर उचलतो, भाच्यांचं विचारतो, ठेवतो. ताई पुढल्या बैठकीची टिपणी लिहिते. दर वाढवावा असंच तिला दिसतं, आणि ते खरंच असतं. देवापुढे बसते, पण मागावं काय तेच सुचत नाही.

बाबांनो, उद्या बातम्यांत ऐकाल की दर पाव टक्क्याने वाढला. पाव टक्का तो काय, म्हणून उठून जाऊ नका. घडीभर थांबा आणि त्या धाकट्याला मनात आणा.